डुकावाला आणि परवान्याचा कागद
(पूर्व आफ्रिकेतील परकीय दुकानदार व वर्क परमिटचे कायदे : एक अभ्यास)

– द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र

प्रास्ताविक

पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत दुकानाला ‘डुका’ म्हणतात. आपला ‘दुकान’ आणि त्यांचा ‘डुका’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. अरबी समुद्रावरून माल जसा इकडून तिकडे गेला तसे शब्दही गेले. या ‘डुका’ला पुढे आपल्याकडचा ‘वाला’ हा प्रत्यय लागला आणि हिंदुस्थानातून जाऊन तेथे दुकान थाटणाऱ्या माणसाला ‘डुकावाला’ हे नाव पडले.

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु परदेशात जाऊन लहानसे दुकान टाकणाऱ्या माणसाविषयी फारसे वाचावयास मिळत नाही. वास्तविक पाहता त्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. नोकरदाराच्या मागे त्याचा मालक उभा असतो, दुकानदाराच्या मागे कोणी नसते. शिवाय तो भर बाजारात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, स्थानिक माणसाच्या शेजारी बसून पैसे मिळवतो. म्हणून देशात असंतोष निर्माण झाला की पहिली नजर त्याच्या फळीकडे जाते.

परकीय माणसाने लहान धंदा करावा की नाही, आणि हे ठरवण्यासाठी सरकारने वापरलेला परवाना नेमके काय साधतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः केनिया या देशाच्या उदाहरणावरून केला आहे. केनिया निवडण्याचे कारण असे की, तेथे आपल्या देशातून, विशेषतः गुजरात, पंजाब व गोवा येथून गेलेल्या लोकांवर हा प्रयोग झाला. त्यात न्याय किती व अन्याय किती हे तपासण्याइतका काळही आता लोटला आहे.

चार निरनिराळे कागद

बोलताना आपण व्हिसा, परमिट आणि लायसन्स हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. तसे करणे चुकीचे आहे. परदेशात धंदा करू पाहणाऱ्या माणसाला साधारणतः चार कागद लागतात. पहिला पासपोर्ट. हा माणूस कोणत्या देशाचा, हे तो सांगतो. दुसरा व्हिसा, म्हणजे त्या देशाच्या दारातून आत येण्याची परवानगी. तिसरा वर्क परमिट, म्हणजे आत आल्यावर काम करून पैसे मिळवण्याची परवानगी. आणि चौथा धंद्याचा परवाना. अमुक ठिकाणी अमुक माल विकण्याची मुभा त्याने मिळते.

देशाच्या नागरिकाला यांतील चौथाच कागद लागतो. परक्याला चारही लागतात, आणि त्यांपैकी एक जरी संपला तरी बाकीचे तीन निरुपयोगी ठरतात. तसेच वर्क परमिट हे कायमचे नसते. ते काही वर्षांपुरते असते व नूतनीकरण करणे अधिकाऱ्याच्या हाती असते. म्हणजे दुकानाचे भांडवल दीर्घ मुदतीचे आणि दुकानदाराचा हक्क मात्र अल्प मुदतीचा, अशी ही विषम जोडी आहे. पुढील सर्व हकीकत समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

डुकावाला तेथे कसा गेला?

हिंदुस्थानी व्यापारी झांझिबार व मोंबासा या बंदरांत फार पूर्वीपासून ये-जा करीत. परंतु त्यांना आतल्या मुलखात नेणारी मोठी घटना म्हणजे युगांडा रेल्वे होय. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत हा लोहमार्ग बांधला. त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून, बहुतांशी पंजाबातून, करारावर नेण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार मजूर मरण पावले. बरेचसे मुदत संपल्यावर परत आले आणि सहा-सात हजार तेथेच राहिले. दुकानदार मात्र मुख्यतः या मजुरांतून निघाले नाहीत. ते कच्छ, काठियावाड व गुजरातमधून स्वतःच्या खर्चाने गेले आणि रुळांच्या मागोमाग एकेका स्टेशनात दुकान मांडत गेले.

या मंडळींत अल्लादिना विश्राम यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. १८६३ साली, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, कच्छहून ते झांझिबारला गेले आणि १९१६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या दुकानांची साखळी पूर्व आफ्रिकेत दूरवर पसरलेली होती. ‘मेरिकानी’ नावाचे जाडे कापड, मीठ, साखर, घासलेट हा माल विकावयाचा आणि आफ्रिकन शेतकऱ्याकडून मका, कातडी वगैरे विकत घ्यावयाची, असा डुकावाल्याचा दुहेरी धंदा असे. १९२० पर्यंत त्या प्रदेशात आपला रुपयाच चलन म्हणून चालत होता. त्यावरून या व्यापाराचे महत्त्व लक्षात यावे.

गोव्याच्या लोकांची वाट थोडी वेगळी होती. ते पोर्तुगीज प्रजाजन असल्याने जनगणनेतही इतर हिंदुस्थानी लोकांपासून त्यांची वेगळी गणना होई. सरकारी कचेऱ्यांत कारकून, घरांतून व हॉटेलांतून आचारी आणि शहरांत शिंपी म्हणून त्यांनी नाव मिळवले. नैरोबीत गोव्याच्या शिंप्यांची स्वतंत्र संस्था होती आणि कारकून वर्गाची निराळी. डॉ. रोझेंडो रिबेरो हे नैरोबीतील पहिले खाजगी डॉक्टर गोव्याचेच. ते झेब्र्यावर बसून रोग्यांना तपासावयास जात.

स्थानिक माणूस दुकानाबाहेर का राहिला?

येथपर्यंतची हकीकत वाचताना आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. रेल्वे आफ्रिकेत, गिऱ्हाईक आफ्रिकन, मालही पुष्कळसा आफ्रिकेचा, मग दुकानदार आफ्रिकन का नव्हता?

तो आळशी होता किंवा त्याला व्यवहार कळत नव्हता, असे उत्तर त्या काळी गोरे लोक देत आणि दुर्दैवाने आपल्यातलेही काही जण देत. हे उत्तर खोटे आहे. त्याला कायद्याने बाहेर ठेवले होते. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रौढ आफ्रिकन पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा ओळखपत्राचा कागद लोखंडी डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. त्याशिवाय त्याला कामासाठी कोठे जाता येत नसे. कॉफीसारखे पैसा देणारे पीक घेण्याची त्याला बराच काळ मनाई होती. आफ्रिकन माणसाला ठराविक रकमेपलीकडे उधार दिले तर ते कोर्टातून वसूल होणार नाही, असाही एक कायदा होता. हेतू त्याला कर्जबाजारीपणापासून वाचवण्याचा, असे सांगण्यात येई. पण ज्याला उधार मिळत नाही त्याला धंदा करता येत नाही, हे उघड आहे.

हिंदुस्थानी लोकांनाही बंधने होती. सुपीक उंच पठारावरील जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली असल्यामुळे त्यांना तेथे शेती करता येत नव्हती आणि म्हणून ते व्यापारात एकवटले. थोडक्यात, गोऱ्यांकडे जमीन, हिंदुस्थानींकडे दुकान व आफ्रिकनांकडे मजुरी, अशी ही तीन मजली इमारत इंग्रजांनी उभी केली होती. मधल्या मजल्यावरचा माणूस वरच्यांना खटकत होता आणि खालच्यांना तोच रोज दिसत होता.

दोन वर्षांची मुदत

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. १९६२ च्या जनगणनेप्रमाणे तेथे आशियाई लोकांची संख्या सुमारे पावणेदोन लाख, म्हणजे लोकसंख्येच्या शेकडा दोन होती. यांच्या नागरिकत्वाविषयी नियम असा होता : जो स्वतः केनियात जन्मला आहे व ज्याच्या आईवडिलांपैकी एकजण तरी केनियात जन्मला आहे, तो आपोआप नागरिक. बाकीच्यांनी दोन वर्षांत अर्ज करावा. दोन देशांचे नागरिकत्व ठेवता येणार नव्हते.

आज दुरून पाहताना ‘अर्ज करून टाकावयाचा होता’ असे म्हणणे सोपे आहे. पण त्या घरांची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. गोव्याहून आलेल्या एखाद्या घरात आजोबा पोर्तुगीज प्रजाजन, केनियात जन्मलेला मुलगा ब्रिटिश प्रजाजन आणि नातू आपोआप केनियाचा नागरिक, असे एकाच ताटाभोवती तीन देश बसलेले असू शकत. त्यातच १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि आजोबांचा देशही बदलला. बहुसंख्य लोकांनी थांबून पाहावयाचे ठरवले व ब्रिटिश पासपोर्ट हाताशी ठेवला. ज्यांनी मुदतीत अर्ज केले त्यांपैकीही हजारोंचे अर्ज कचेरीत निकालाविना पडून राहिले.

सर्वच आशियाई लोक काठावर उभे होते असे मात्र नाही. पिओ गामा पिंटो हे गोवेकर आईबापांचे नैरोबीत जन्मलेले पुत्र केनियाच्या व गोव्याच्या, दोन्ही स्वातंत्र्यलढ्यांत झटले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे व आई मसाई जमातीची. ते १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले.

१९६७ चे दोन कायदे

१९६७ मध्ये केनियाने दोन कायदे केले. पहिला इमिग्रेशन कायदा. त्यानुसार नागरिक नसलेल्या प्रत्येकाला, मग तो तेथे चाळीस वर्षे राहिलेला का असेना, काम करण्यासाठी परमिट घेणे भाग पडले. त्या कामासाठी केनियाचा नागरिक मिळत नसेल तरच परमिट, तेही ठराविक मुदतीचे. दुसरा ट्रेड लायसन्सिंग कायदा. त्याने नागरिक नसलेल्यांना मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती पेठा सोडून इतरत्र व्यापार करण्यास मनाई केली. तसेच मका, तांदूळ, साखर अशा नित्याच्या वस्तूंचा व्यापार त्यांच्यासाठी बंद केला. ही यादी पुढे वाढत गेली. १९६९ पासून दुकाने बंद करण्याच्या नोटिसा दुकानदारांच्या हाती पडू लागल्या.

या दोन कायद्यांचा एकत्रित परिणाम लक्षात घ्यावा. कारकून किंवा शिंपी यांना पहिला कायदा लागला, कारण त्यांच्या जागी नागरिक मिळू शकत होता. खेड्यातल्या डुकावाल्याला दुसरा लागला, कारण त्याचे दुकानच मनाई केलेल्या भागात होते. मोठा कारखानदार मात्र दोन्हींतून पुष्कळसा सुटला. देशाला त्याच्या भांडवलाची गरज होती. परकीयांविरुद्ध म्हणून केलेल्या कायद्याचा मार लहान परकीयाला अधिक बसला, हे येथे दिसून येते.

लंडनचे दार

परमिट न मिळालेल्या लोकांच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट होता. साहजिकच ते इंग्लंडकडे निघाले. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नैरोबीच्या विमानतळावर गर्दी उसळली. तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने अवघ्या तीन दिवसांत नवा कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायदा मंजूर केला आणि १ मार्च १९६८ रोजी तो अमलात आला. ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले आहे त्याला मुक्त प्रवेश, बाकीच्यांना वर्षाकाठी दीड हजार कुटुंबप्रमुखांपुरती प्रवेशपत्रे, असा तो नियम होता. केनियातील गोरा मळेवाला त्यातून सहज आत जाऊ शकत होता. त्याच रंगाचा पासपोर्ट बाळगणारा डुकावाला मात्र दाराशी उभा राहिला. या वागणुकीत वर्णभेद असून ती मानवी प्रतिष्ठेला कमीपणा आणणारी आहे, असा अभिप्राय युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये दिला.

केनियाने निदान आपला कायदा नागरिकत्वाच्या कसोटीवर केला होता. ब्रिटनने तर आपल्याच पासपोर्टची कसोटी मानली नाही.

दुकान कोणाच्या हाती गेले?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. परक्याचे दुकान बंद झाले की स्थानिक माणसाचे उघडते, हे गृहीत बरोबर आहे का?

या ठिकाणी पुस्तकाबाहेरचा थोडा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. माझ्या वडिलांचे खेड्यात लहानसे किराणा दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच; पण सुटीत व संध्याकाळी गल्ल्यावर मीच बसते. दुकानाच्या नोंदणीचा कागद चौकट करून भिंतीवर लावलेला आहे. उद्या कोणी तो कागद दुसऱ्याच्या नावावर केला, तर त्याला दुकान मिळेल काय? चार भिंती व फळ्या मिळतील. परंतु तालुक्याचा घाऊक व्यापारी दर आठवड्याला वडिलांच्या शब्दावर माल पाठवतो आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पैसे घेतो. हा शब्द कागदावर नाही. कोणते घर सुगी झाल्यावर हमखास पैसे आणून देते, कोणाला ‘या खेपेस नको’ म्हणावयाचे आणि तेही गिऱ्हाईक न तोडता कसे म्हणावयाचे, हे उधारीच्या वहीतसुद्धा लिहिलेले नसते. वडील हे आजोबांच्या हाताखाली शिकले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भूमी, श्रम, भांडवल व संयोजन असे उत्पादनाचे चार घटक सांगतात. माझ्या समजुतीप्रमाणे लहान दुकानाच्या बाबतीत पत हा पाचवा घटक धरावयास हवा.

केनियातही नेमके हेच होते. मोंबासाचा आयातदार नैरोबीच्या घाऊक व्यापाऱ्याला उधार माल देई, तो खेड्यातल्या डुकावाल्याला देई. ही साखळी नात्यागोत्यावर व जातीबिरादरीवर उभी होती. आफ्रिकन दुकानदाराला या साखळीत शिरकाव नव्हता, म्हणून त्याला रोख पैसे मोजून, महाग दराने माल घ्यावा लागे. ही गोष्ट आपल्या लोकांना भूषणावह नाही आणि तिने आफ्रिकन मनात जो राग निर्माण केला तो निराधार नव्हता.

केनिया सरकारला याची जाणीव नव्हती असेही नाही. १९६५ मध्ये त्याने राष्ट्रीय व्यापार महामंडळ काढले व घाऊक माल आफ्रिकन व्यापाऱ्यांमार्फत देण्यास सुरुवात केली. औद्योगिक व व्यापारी विकास महामंडळाकडून कर्जेही दिली. त्यातून आफ्रिकन व्यापाऱ्यांचा एक नवा वर्ग खरोखरच उभा राहिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु कर्ज आणि परवाना बहुधा त्यांनाच मिळाला ज्यांची सत्तेशी ओळख होती. काही ठिकाणी परवान्यावर एकाचे नाव आणि गल्ल्यावर दुसराच, असा आडपडद्याचा व्यवहारही चालला. परवाना ही वस्तू दुर्मिळ केली की तिलाच किंमत येते आणि मग काही लोक माल विकण्याऐवजी परवानाच विकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट १९७२ मध्ये पुढे आली. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पथकाने केनियातील रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘असंघटित क्षेत्र’ ही कल्पना जगभर रूढ झाली ती प्रामुख्याने या अहवालामुळे. रस्त्याच्या कडेला पत्र्याचे डबे ठोकणारे, सायकली दुरुस्त करणारे, जेवण विकणारे असे हे लोक. त्यांना केनियात पुढे ‘जुआ काली’, म्हणजे कडक ऊन, हे नाव पडले, कारण त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते. हे सर्व देशाचेच नागरिक होते. तरीही परवाना नाही म्हणून त्यांच्या टपऱ्या पाडल्या जात. हा छळ थांबवावा, अशी अहवालाची शिफारस होती. म्हणजे परक्या दुकानदाराविरुद्ध उगारलेली परवान्याची काठी स्वतःच्या गरिबाच्या पाठीवरही बसतच होती.

शेजारच्या युगांडात तर सर्व मर्यादा सुटल्या. तेथेही १९६९ मध्ये व्यापार परवान्याचा कायदा झाला होता. ५ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. प्रारंभी हा हुकूम परकीय पासपोर्टधारकांसाठी होता. परंतु कागदपत्रांच्या तपासणीत अनेकांचे युगांडाचे नागरिकत्वही नाकारले गेले. सुमारे २७ ते २८ हजार लोक ब्रिटनमध्ये गेले, काही भारतात, काही कॅनडात व इतरत्र. दुकाने लष्करी अधिकाऱ्यांच्या व मर्जीतल्या लोकांच्या हाती पडली. सामान्य युगांडावासीयांनी या नव्या धनिकांना ‘माफुटा मिंगी’, म्हणजे पुष्कळ चरबीवाले, असे नाव दिले. दुकानातला शिल्लक माल संपल्यावर पुन्हा भरला गेला नाही आणि साखर, मीठ, साबण यांची टंचाई झाली. ती टंचाई हाकलून दिलेल्या दुकानदाराला भोगावी लागली नाही. ज्याच्या नावाने हे सर्व केले त्या गरीब आफ्रिकन गिऱ्हाइकालाच ती भोगावी लागली. १९८२ मध्ये मालमत्ता परत देण्याचा कायदा करावा लागला व प्रत्यक्ष परतफेड पुढे दीर्घकाळ चालली.

आजचे नियम

केनियात २०१० साली नवी राज्यघटना आली व दुहेरी नागरिकत्वास मान्यता मिळाली. २०११ मध्ये नवा नागरिकत्व व इमिग्रेशन कायदा झाला. त्याखाली वर्क परमिटचे अनेक वर्ग असून परकीयाला स्वतःचा व्यापार करावयाचा असल्यास ‘जी’ वर्गाचे परमिट लागते. त्यासाठी किमान १ लाख अमेरिकन डॉलर भांडवल दाखवावे लागते.

या नियमात वंशाचा किंवा देशाचा उल्लेख नाही, हे चांगलेच आहे. परंतु त्याचा अर्थ असा की, पैसेवाल्या परकीयाला दार उघडे व गरीब परकीयाला बंद. बाराव्या वर्षी रिकाम्या हाताने आलेला अल्लादिना विश्राम आजच्या नियमात बसला नसता. यामागील विचारही समजण्याजोगा आहे. लहान धंदा हा गरीब नागरिकाचा शेवटचा आधार असतो, तो त्याच्यासाठी राखावा आणि परकीयाने स्थानिक माणसाला न जमणाऱ्या मोठ्या धंद्यात यावे, असा तो विचार आहे.

जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. २००९ च्या जनगणनेत अशा नागरिकांची संख्या सुमारे ४७ हजार होती. ‘तुम्ही आमचेच’ हे वाक्य सरकारी कागदावर येण्यास स्वातंत्र्यानंतर ५४ वर्षे लागली.

प्रश्न मात्र संपला नाही, फक्त माणसे बदलली. २०२३ च्या जानेवारीत नैरोबीजवळ एका चिनी व्यापाऱ्याने स्वस्त मालाचे मोठे दुकान उघडले, तेव्हा फेब्रुवारीअखेर स्थानिक व्यापारी मोर्चा काढून रस्त्यावर आले. त्यानंतर २०२५ च्या जुलैअखेर टांझानियाने परकीयांना १५ प्रकारचे लहान धंदे करण्यास मनाई करणारा आदेश काढला. त्यात किरकोळ व्यापार, मोबाईल दुरुस्ती, मोबाईलवरून पैसे पाठवण्याचा धंदा, केशकर्तनालय, पर्यटकांचा वाटाड्या, शेताच्या बांधावरील धान्यखरेदी इत्यादी धंदे आहेत. मोडणाऱ्याला किमान १ कोटी टांझानियन शिलिंग दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय व्हिसा रद्द. आपले नाव परक्याला वापरू देणाऱ्या नागरिकालाही शिक्षा आहे. नावापुरत्या मालकाचा जुना अनुभव येथे कामी आलेला दिसतो.

दार एस सलामच्या करियाकू बाजारातील चिनी व्यापाऱ्यांविषयीची तक्रार हे या आदेशाचे एक मोठे कारण होते. परंतु त्याविरुद्ध मोठ्याने आवाज उठला तो केनियातून. टांझानियात लहान धंदे करणारे अनेक केनियन लोक त्यामुळे एकाएकी ‘परकीय’ ठरले होते. पूर्व आफ्रिकी देशांनी २०१० पासून अमलात आणलेल्या सामाईक बाजारपेठेच्या कराराचा हा भंग आहे, असे केनियाचे म्हणणे पडले. १९६७ मध्ये ज्या देशाने लहान परकीय दुकानदाराला नोटीस दिली होती, त्याच देशाचा लहान दुकानदार २०२५ मध्ये नोटिशीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला.

समारोप

वरील विवेचनावरून माझ्या अल्प बुद्धीस जे निष्कर्ष काढता येतात ते असे :

(१) स्वतंत्र झालेल्या देशाने आपल्या नागरिकाला बाजारात जागा करून देणे हे अन्यायाचे नाही. ज्याला कायद्याने दुकानाबाहेर ठेवले त्याला कायद्यानेच आत आणावे लागते. आपल्या लोकांची हकीकत सांगताना किपांडेची लोखंडी डबी विसरून चालणार नाही.

(२) परंतु परवान्याने एकाचे दुकान बंद करता येते, दुसऱ्याला दुकानदारी देता येत नाही. त्यासाठी घाऊक माल, उधारी आणि शिकण्यास लागणारी वर्षे यांची सोय करावी लागते. हे काम कष्टाचे असल्याने सरकारे सोपे काम आधी करतात.

(३) चाळीस वर्षे एका गावात राहिलेला माणूस आणि काल विमानाने उतरलेला माणूस यांना एकाच मापाने मोजणारा नियम कायदेशीर असला तरी न्याय्य नव्हे. मुदत संपण्यापूर्वी केलेल्या अर्जाला उत्तर न देणे, हे तर कायदेशीरही म्हणता येणार नाही.

(४) परदेशी जाऊन धंदा करणाऱ्या आपल्या माणसानेही पतीची साखळी आपल्याच नात्यात बंद करून ठेवू नये. शेजारच्या स्थानिक दुकानदाराला उधार मिळावे म्हणून त्याने शब्द टाकला, तर तो शब्द सरकारी परमिटापेक्षा अधिक काळ टिकण्याचा संभव आहे.

डुकावाल्याच्या इतिहासात आपण स्वतःला नेहमी एकाच जागी, म्हणजे फळीच्या आत बसलेले पाहतो. फळीबाहेर रोख पैसे घेऊन उभ्या असलेल्या आणि तरीही महाग माल घ्यावा लागणाऱ्या माणसाच्या जागेवरून तोच इतिहास पुन्हा वाचून पाहावा, एवढीच माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना विनंती आहे.